सातवा उंचवटा

सातव्या उंचवट्यावर केर्तू पुन्हा आपटली. एक स्की निसटून खाली घरंगळत गेली.

बर्फाच्या उंचवट्यांवरून गुडघे वाकवत, मध्ये दोनदा हवेत गिरकी घेत, घड्याळाच्या काट्याशी शर्यत लावत खाली यायचं, हा सतरा वर्षांच्या केर्तूचा खेळ. दोन हिवाळ्यांत ती गावच्या टेकडीवरून थेट फिनलंडच्या संघाच्या उंबरठ्याशी पोचली होती. निवडीची स्पर्धा आठ दिवसांवर आली होती आणि हा सातवा काही तिला सोडत नव्हता.

उंचवटे फावड्यानं घडवायचं काम म्हाताऱ्या ताइस्तोचं. रोज सकाळी तो एकटाच ते घडवायचा, अगदी दोरीत. या हिवाळ्यात मात्र सातवा नेमका वीतभर डावीकडे सरकायचा. टोकलं की मान हलवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

केर्तू स्की उचलून त्याच्या झोपडीत गेली. तो कॉफी ओतत होता.

"आजोबा, डोळे गेलेत तुमचे. मोजायला काठी आणून देऊ का?"

"आण की. जरा लांब आण, टेकून उभं राहायलाही होईल."

तिला हसू आलं नाही. त्याच संध्याकाळी तिनं क्लबच्या समितीला पत्र लिहिलं, की ताइस्तोआजोबांना आता दिसत नाही, या कामाला दुसरा माणूस ठेवा. पत्र महिनाअखेरच्या बैठकीत वाचायचं ठरलं.

स्पर्धेच्या दिवशी ऊन पडलं. बर्फ मऊ झाला आणि वीसेक जणी उतरेपर्यंत मधल्या उंचवट्यांचा आकार बिघडला, दोन तर जागचे हलले. आखीव उतारांवर वाढलेल्या भल्या भल्या मुली तिथे लटपटल्या. केर्तूची पाळी आली. बिघडलेल्या जागी तिचे गुडघे आपसूक वाकले, वळले, सरळ झाले. ती दुसरी आली आणि संघात गेली. तिथे कशी सावरलीस, असं तिची प्रशिक्षक मारित विचारत राहिली. केर्तू म्हणाली, "नशीब."

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ती टेकडीवर गेली. बैठक त्याच संध्याकाळी होती. वरून पाहिलं तर सातवा दोरीत बसलेला. पत्राची कुणकुण लागली असणार, तिला वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. मग ती सुटली. सातवा लोण्यासारखा गेला. आठवा, नववा, दहावा. अकराव्यानं तिला उचलून फेकलं.

ती उताणी पडून राहिली. अकरावा वीतभर उजवीकडे होता. हेही पत्रात घालायला हवं, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात खालून हाक आली. दीडशे पावलांवर, झोपडीच्या दारात, ताइस्तो कॉफीचे दोन पेले घेऊन उभा होता.

"सातवा आता येतो तुला. अकराव्याला मात्र डावा गुडघा केसभर उशिरा वाकला."