हात वर

हुतूतू शिकवताना गोरख गुरुजींचा एकच नेम होता: समोरच्या गड्याचा हात लागला की आपण होऊन हात वर करायचा आणि मैदानाबाहेर जायचं, पंचाच्या शिट्टीची वाट बघायची नाही. पोरं अगदी तसंच वागायची आणि सामने हरायची. इंदुरीच्या संघाशी खेळताना मध्यंतरालाच निम्मा डाव हातचा गेला, तेव्हा सरपंच चार दांडगे गडी घेऊन गुरुजींपुढं येऊन उभे राहिले.

"गुर्जी, पोरास्नी हरायला शिकिवता व्हय? आज हरलो, तर उद्या गावात पाय ठिवायचा न्हाई."

गुरुजींनी पोरांना जवळ बोलावलं आणि कुणाच्याच डोळ्यांत न बघता सांगितलं, "आता हात वर करू नका. पंच बघतील काय ते."

पोरं जिंकली. गावानं गुलाल उधळला. गुरुजींनाही खांद्यावर घेतलं.

सोमवारी रेल्वेचा गँगमन घामाघूम होऊन वर्गात आला आणि त्यानं एक भलाथोरला धोंडा टेबलावर ठेवला. "ह्यो रुळावर व्हता, गुर्जी. माझी नजर पडली म्हनून, न्हाईतर सकाळची पॅशिंजर पार उलाथली असती. तुमचीच पोरं तितं खेळत्यात."

गुरुजींनी वर्गावरून नजर फिरवली. "कुणी ठेवला रे? ज्यानं ठेवला, त्यानं हात वर करावा."

एकही हात हलला नाही.

मग मागच्या रांगेतून संघाचा कप्तान कोंडू शांतपणे म्हणाला, "गुर्जी, ठिवताना कुनी बघितलंय का?"