पडद्याच्या मागून

१९७४ साली सिहोऱ्यात फिरत्या तंबूत रडवणारा सिनेमा लागला. माझे धाकटे दीर मासे धरताना तलावात बुडून महिना झाला, तरी त्यांची बायको गीता रडली नव्हती. “रडली नाही तं पागल होईल पोरगी,” म्हणत सासूनं आम्हा दोघींना नेलं. बायांना पडद्यामागे बसवायचे. तिथून उजवं ते डावं दिसायचं. नायकाची आई मेली, साऱ्यांचे पदर भिजले, गीता कोरडीच. मग नायक जेवायला बसला आणि तिनं हंबरडा फोडला. “आता कायले रडून राहिली वो?” मी विचारलं. “थे पाहा, डाव्या हातानं जेवून राहिले!” लहानपणी सासूनं मारूनही दीर शेवटपर्यंत डाव्या हातानंच जेवायचे. सासूनंही पदर तोंडात कोंबला. पुढे सासू वारली. गीता तुमसरच्या टॉकीजमध्ये तोच सिनेमा समोरून बघताना नायक जेवायला बसताच अर्ध्यातून उठली. “हे थे नाहीत,” म्हणाली. पुन्हा कधी रडली नाही.