जोडीदाराचा सिनेमा

फिनलंडमध्ये धर्मप्रचारासाठी बर्फ तुडवत दारोदार फिरलो ते मी आणि डॅलिन, दोघं जोडीने. पण पंचवीस वर्षांनी त्यावर सिनेमा काढला तो एकट्या डॅलिनने. अमेरिकेत, आमच्या प्रोव्हो गावच्या थिएटरात चर्चची अख्खी मंडळी जमली होती. माझी बायकोसुद्धा डोळे पुसत होती, आणि मी नुसता जळत होतो.

सिनेमातल्या एका प्रचारकाला गावाकडून मैत्रिणीची पत्रं येतात. जोडीदाराला कुणाचंच येत नाही. मग तो हेव्यापोटी ती पत्रं त्याच्या हाती पडायच्या आतच गुपचूप शेगडीत टाकतो.

खेळ सुटल्यावर जो तो डॅलिनला मिठी मारत होता. मीही कसंनुसं हसत पुढे झालो.

"बाकी सगळं आपलंच उचललंस लेका, पण पत्रांचं तेवढं झकास रचलंस हं! मला कुठली आलीत पत्रं? माझी मैत्रीण कार्मा तर वर्षभरात दुसऱ्याशी लग्न करून मोकळी झाली."

डॅलिनने मान खाली घातली.


"रचलं नाही, लाव्हॉन. तेवढं तुला सांगता यावं, म्हणूनच सिनेमा काढला."