दुसरी वडी

"विलायती साबणाला हरवायचं, तर आपल्या वडीवर लक्ष्मी उमटवा," असं मालकांनीच फर्मावलं होतं. पहिली वडी घरोघरी गेली. दुसरी मात्र कुणीच मागेना.

"मालक, लक्ष्मी अंगाला कोण घासणार?" साचे कोरणारे भिकोबा म्हणाले. "साबण देव्हाऱ्यात बसलाय. बायका रोज हळदकुंकू वाहतात."

मालकांनी मिशीला पीळ दिला. "मग माझा चेहरा कोरा."

भिकोबांनी तो मिशीसकट हुबेहूब कोरला. महिन्याभरात विलायती साबण मागे पडला. सगळ्यात जास्त मागणी आली ती कारखान्याच्याच चाळीतून. मालक गहिवरले.

"बघा भिकोबा, माझी माणसं किती जीव लावतात!"

भिकोबांनी मान खाली घातली. चाळीच्या नळावर सगळे त्या वडीने फक्त टाचा घासत होते. भिकोबांच्या स्वतःच्या टाचाही इतक्या मऊ कधीच नव्हत्या.