दोनच टर्म

ठरत आलेलं लग्न मी मोडलं, म्हणून घरातले अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

मी लातूरच्या कोर्टात वकिली करते. पुढाऱ्यांचा मला वीट आलाय. खुर्चीवरून उठतात ते चौघांच्या खांद्यावरच. शिरूर अनंतपाळकडचे आप्पासाहेब त्यांच्या धाकट्या मुलासाठी, हरिओमसाठी, मला बघायला आले, तेव्हा आमच्या टीव्हीवर नेमकी हीच चर्चा चालू होती. त्यांनी चहा बाजूला ठेवला.

“जजाला वय झालं की घरी जावं लागतंय, मग पुढाऱ्याला का न्हाई?” ते तावातावानं म्हणाले. “दोन टर्म लई झाल्या! मी सोता दोनदा सरपंच झालो अन् कुणी म्हणायच्या आत उठलो. आमच्या घरात दोनच्या वर कुणी बसत न्हाई.”

असं बोलणारा पुढारी मला जन्मात पहिल्यांदाच भेटला होता. हरिओमकडं नीट न बघताच मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला. माझा चेहरा बघून वडिलांनीही लगेच विचारलं, “मग मुहूर्त कधीचा धरायचा?”

आप्पासाहेबांनी बशीत चहा ओतला, फुर्र करून ओढला आणि मिशा पुसल्या.

“मुहूर्त कोणता बी धरा, पर मतदार यादी बंद व्हायच्या आत धरा. सरपंचाची जागा यंदा बी बाईलाच सुटली हाय, अन् थोरल्या सूनबाईच्या दोन टर्म भरल्या.”