जोडव्यांचा आवाज

चाळिशीला टेकल्यावर शिवांजलीच्या डोक्यात बॅले शिकायचं खूळ शिरलं. सांगलीच्या क्लासमधल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मऊ बूट घालायचेत. जोडवी काढून ठेवा."

नवरा फौजेत, सीमेवर. पलूसहून निघताना सासूबाई बनुबाईंनी बजावलं होतं, "काय बी कर, पर जोडवी काढू नगंस." तरी तिनं ती काढली आणि रुमालात घट्ट बांधून खिडकीत ठेवली.

"एक, दोन, तीन." सगळ्याजणी चवड्यांवर चालू लागल्या. मऊ बुटांचा कसला आवाज येणार! पण लाकडी फरशीवर टक, टक, टक वाजलं.

"कुणाची जोडवी राहिलीत?" मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी बूट काढून दाखवले. कुणाच्याच पायात नव्हती.

शिवांजली जागीच उभी राहिली. टक, टक तिला घासून पुढं गेलं, दाराबाहेर पडलं, जिना उतरलं.

तिनं धावत जाऊन रुमाल उचलला. गाठ तशीच घट्ट होती. सोडली, तर आत काहीच नव्हतं.

तिनं घरी सासूबाईंना फोन लावला. "आत्ती, मी बोलतीय."

 बनुबाई अगदी हळू म्हणाल्या, "तू अजून सांगलीतच हायस? मग आपल्या सैपाकघरात चवड्यांवर चालतीया, ती कोण गं?"