मातीचा गोळा

"काका, डोकं बाजूला ठेवा आणि हात नेतील तिकडे जा," असं म्हणत शिबिराच्या ताईंनी भास्कररावांपुढे मातीचा गोळा ठेवला.

"डोकं निवृत्तीच्या दिवशीच ऑफिसात जमा केलंय," भास्करराव म्हणाले. बायको गेल्यापासून ते एकदाही रडले नव्हते, म्हणून लेकीनं त्यांना या मन मोकळं करायच्या शिबिरात आणून बसवलं होतं. बाकीची मंडळी फुलं आणि गणपती घडवत होती. भास्कररावांचे अंगठे मात्र माती नुसतीच दाबत राहिले, टाचेपासून पोटरीपर्यंत, आजारी बायकोचे पाय रोज दाबायचे तसे.

"अरे वा, पाय झाला की! आता कसं वाटतंय, काका?"

"अजून एक गोळा द्या," ते म्हणाले. "ती गेली त्या रात्री एकच दाबून झाला होता. म्हणाली, दमलात, झोपा आता, दुसरा सकाळी दाबा."